शंकासमाधान : सुजेवरची गोळी आणि कर्करोगाच्या मूलपेशी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. ‘सांधेदुखीच्या गोळीने स्तनांच्या कर्करोगाचे मूळच मरते’ अशा अर्थाचा एक मजकूर मोबाइलवरून घरोघरी पोहोचला आहे आणि तो वाचून अनेकांनी घरातले औषधांचे डबे उघडलेले दिसतात. म्हणून या अंकात इतर प्रश्न बाजूला ठेवून याच विषयावरची सात पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा (संप्रेरकांच्या दोन आणि हर-२ ही तिसरी, अशा तिन्ही खुणा नसलेला) स्तनांचा कर्करोग झाला होता. केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन पूर्ण होऊन चार महिने झाले. भाच्याने दाखवलेल्या मजकुरात असे आहे की केमोने फक्त फांद्या छाटल्या जातात, मूळ शिल्लक राहते, आणि ते मूळ म्हणजे ‘स्टेम सेल’ सुजेवरच्या गोळीने मरतात. ताईला पूर्वी गुडघ्यासाठी दिलेल्या तशाच गोळ्या घरात आहेत. त्यांतली रोज एक चालू करावी का? आणि या स्टेम सेल म्हणजे नेमके काय?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे : ती गोळी चालू करू नये. त्याचे कारण दुसऱ्या उत्तराच्या ओघात येईल, कारण तुमच्या भाच्याने दाखवलेला मजकूर सर्वस्वी खोटा नाही. तो अर्ध्यावर सोडलेला आहे.

शरीरात जिथे जुन्या पेशी झडून नव्या येतात, तिथे थोड्या राखीव पेशी असतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. मूलपेशी विभागली की एक भाग मूलपेशी म्हणूनच राहू शकतो आणि दुसरा वाढून नेमून दिलेल्या कामाची पेशी होतो. गरोदरपणी दूधग्रंथी वाढतात, मुलाचे अंगावरचे दूध तोडले की त्या आक्रसतात आणि पुढच्या खेपेस पुन्हा वाढतात, ते या राखीव पेशींच्या जोरावर. कर्करोगाच्या गाठीतही अशीच उतरंड असावी, हा विचार आधी रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासातून पुढे आला. २००३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मुहम्मद अल-हज्ज, मॅक्स विचा, मायकेल क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्तनांच्या कर्करोगात पडताळून पाहिला. रुग्णांच्या गाठींतील पेशी त्यांनी पृष्ठभागावरील खुणांवरून वेगळ्या केल्या. ज्या पेशींवर सीडी-४४ ही खूण होती आणि सीडी-२४ जवळजवळ नव्हती, अशा शंभरएक पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचल्या तरी नवी गाठ उभी राहिली. उरलेल्या जातीच्या पेशी हजारोंनी टोचूनही राहिली नाही.

या मूठभर पेशी सावकाश विभागतात, आत शिरलेले औषध बाहेर उपसून टाकण्याची त्यांची ताकद जास्त असते, आणि केमोथेरपीचा मारा तर प्रामुख्याने भराभर विभागणाऱ्या पेशींवर असतो. तुमच्या भागात ही गोष्ट समजवायला हराळीसारखा दाखला नाही. वरून खुरपले की शेत आठ दिवस लख्ख दिसते, पण जमिनीतल्या काशा वेचल्या नसतील तर पहिल्या पावसात ती पुन्हा डोके वर काढते. मजकूर लिहिणाऱ्याने हाच दाखला वेगळ्या शब्दांत दिला आहे आणि तिथेच तो थांबला आहे. खरी अडचण त्याच्या पुढे सुरू होते. हराळीचे पान पुन्हा काशी होत नाही. कर्करोगाची साधी पेशी मात्र परत मूलपेशीसारखी होऊ शकते. हार्वर्ड वैद्यक महाविद्यालयातील केव्हिन स्ट्रूल, दिमित्रिओस इलिओपूलोस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की दोन्ही प्रकारच्या पेशींमध्ये एक हलता समतोल असतो आणि साध्या पेशीला मूलपेशीकडे ढकलणारा एक निरोप म्हणजे इंटरल्युकिन-६ हे रसायन. म्हणजे सगळ्या काशा वेचल्या तरी उरलेल्या पानांतून नव्या तयार होण्याची सोय आहेच.

इंटरल्युकिन-६ हे दाहाचे रसायन आहे. जखम झाली, जंतू शिरले, की लाली, सूज, उष्णता आणि वेदना घेऊन जी प्रतिक्रिया येते तिला दाह म्हणतात, आणि ती घडवणाऱ्या रसायनांत इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ ही प्रमुख आहेत. गाठीत दाहाच्या पांढऱ्या पेशी आढळतात, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांनी १८६३ सालीच नोंदवले होते. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या गोतावळ्यातील औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची वाट अडवतात, हे १९७१ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले. ही दोन टोके जोडली की तर्क सरळ निघतो : दाह शमवला तर मूलपेशींचे खत तोडता येईल. तर्क चांगला आहे. मी स्वतः औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे आणि इतका सुरेख जुळणारा तर्क क्वचितच पाहिला आहे.

प्रयोगशाळेत तो खराही ठरतो. मूलपेशी मोजण्याची एक रीत अशी की तळाला काहीच चिकटू नये अशा प्लास्टिकच्या बशीत पेशी सोडायच्या. साध्या पेशींना टेकायला जागा लागते, त्या मरतात. मूलपेशी तरंगत्या राहून आठवडाभरात गोळे धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा गोळा राजगिऱ्याच्या लाडवासारखा दिसतो, दाण्याला दाणा चिकटलेला. बशीत दाहशामक औषध घातले की लाडू कमी होतात आणि लहान राहतात. असे चित्र पाहिले की कोणालाही हुरूप येतो.

आता बशीत औषध किती घातले, ते विचारा. सेलेकॉक्सिब हे सांधेदुखीचे औषध घेऊ. त्याची २०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतल्यावर रक्तातील सर्वोच्च प्रमाण लिटरमागे सुमारे दोन मायक्रोमोल असते आणि त्यातलाही ९७ टक्के भाग रक्तातील प्रथिनांना बांधलेला असतो. बशीतल्या प्रयोगांत हेच प्रमाण बहुधा पन्नास किंवा त्याहून अधिक ठेवलेले असते. तेवढे रक्तात आणायचे तर इतक्या कॅप्सूल लागतील की कर्करोगाच्या आधी मूत्रपिंड आणि जठर हात टेकतील.

तरीही तर्काला संधी द्यायला हवी होती आणि ती दिली गेली. ब्रिटन आणि जर्मनीतील ‘रिअ‍ॅक्ट’ चाचणीत हर-२ निगेटिव्ह कर्करोगाच्या २,६३९ स्त्रियांपैकी काहींना दोन वर्षे रोज ४०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला : पाच वर्षांनी रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण एका गटात ८४ टक्के, दुसऱ्यात ८३ टक्के. इंटरल्युकिन-८ची वाट अडवणारे रेपारिक्सिन हे औषध तर मूलपेशींवर नेम धरूनच आणले होते. २०१० साली उंदरांत त्याने उत्तम काम केले. पुढे ते पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या जोडीने १२३ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. तुमच्या ताईंच्याच प्रकारचा, पण शरीरात पसरलेला कर्करोग असलेल्या या स्त्रिया होत्या. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ रेपारिक्सिन घेणाऱ्यांत ५.५ महिने, न घेणाऱ्यांत ५.६ महिने.

या चाचण्यांनी मूलपेशींची कल्पना खोटी ठरत नाही. सर्वांना सरसकट एकच गोळी देऊन दाहाची एकच वाट अडवणे पुरेसे नाही, एवढे त्यांतून निघते. माझे स्वतःचे मत असे की पुढे काही हाती लागलेच, तर ते कोणाच्या गाठीत दाहाची कोणती वाट खरोखर चालू आहे हे आधी तपासून, केमोच्या बरोबर आणि मोजक्या दिवसांसाठी दिलेल्या औषधातून लागेल. ताईंच्या घरातल्या गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. प्लॅटिनम गटातील केमो झाली असेल तर त्यांच्या मूत्रपिंडांवर आधीच ताण पडून गेलेला असू शकतो, आणि या गोळ्या तो वाढवतात. गुडघा दुखत असेल तर पुढच्या तपासणीच्या वेळी तसे सांगावे. त्यासाठी पर्याय आहेत.

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे. इंडोमेथासिन तांब्याला जोडले की त्याने स्तनांच्या कर्करोगाच्या मूलपेशी मरतात, असे वाचले. तांबेच का? आमच्या आजीचे म्हणणे, तांब्याच्या हंड्यातले पाणी प्यावे असे ती उगीच सांगत नव्हती.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुम्ही वाचलेले काम २०१६ सालचे, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील कोगुलरामनन सुंथरलिंगम यांच्या गटाचे असावे. इंडोमेथासिन हे १९६०च्या दशकापासून वापरात असलेले संधिवाताचे औषध. या गटाने तांब्याच्या आयनाभोवती इंडोमेथासिनचे रेणू आणि फिनॅन्थ्रोलिन जातीचा एक सपाट रेणू बसवून नवे संयुग तयार केले. तांबे का, याचे उत्तर तुमच्याच विषयात आहे : तांबे पेशीच्या आत दोन अवस्थांमध्ये सहज ये-जा करते आणि या ये-जा करण्यात ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. पेशीला ते आतून जाळतात. इंडोमेथासिनचे काम दुहेरी, ते कॉक्स-२ या दाहाच्या विकराला (एन्झाइमला) अडवते आणि तांब्याला पेशीत नेणारे वाहनही होते. हे संयुग अत्यल्प प्रमाणात मूलपेशींसारख्या पेशींना मारते आणि साध्या कर्कपेशींपेक्षा त्यांना जास्त मारते, हे त्या कामाचे वैशिष्ट्य.

रसायनशास्त्र म्हणून हे काम देखणे आहे. मात्र ‘इंडोमेथासिनने मूलपेशी मरतात’ हे वाक्य त्यातून निघत नाही. मिठात क्लोरीन असते म्हणून मीठ म्हणजे क्लोरीन होत नाही, तसेच हे. मारतो तो नवा रेणू, आणि तो बशीत मारतो. बशीतून दवाखान्यापर्यंतची वाट किती निसरडी आहे, याचे उदाहरण म्हणजे सॅलिनोमायसिन. २००९ साली अमेरिकेत सुमारे १६,००० रसायने चाळून जी मोजकी मूलपेशीनाशक म्हणून निघाली, त्यांत हे नाव पहिले होते. कोंबड्या पाळणाऱ्या वाचकांना ते रक्ती हगवणीवरचे खाद्यातले औषध म्हणून ठाऊक असेल. माणसाला ते चांगलेच विषारी आहे, त्यामुळे इतकी वर्षे होऊनही ते कर्करोगाचे औषध झालेले नाही.

आजींच्या हंड्याबद्दल : आतड्यातून शोषलेले तांबे यकृतात जाते आणि रक्तात प्रथिनांना घट्ट बांधून फिरवले जाते, ते मोकळे सुटून गाठीत जाऊन काही जाळत नाही. हंड्यातले पाणी आजींच्या आठवणीसाठी जरूर प्यावे. कर्करोगाशी त्याचा संबंध जोडू नये.

प्रश्न : माझे वय ६३. हृदयात स्टेंट आहे म्हणून रोज इकोस्प्रिन ७५ ही अ‍ॅस्पिरिनची गोळी घेते. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत कर्करोग उलट जास्त आला, असे कळल्यापासून झोप नाही. गोळी बंद करू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपा करून बंद करू नका. स्टेंट असताना अ‍ॅस्पिरिन अचानक सोडली तर त्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि तो धोका आजचा आहे.

तुम्ही ऐकलेला निकाल अमेरिकेतील ‘एबीसी’ या चाचणीचा आहे, आणि तिच्या आधीची गोष्ट जाणून घेण्याजोगी आहे. २०१० साली परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासातून ४,१६४ स्त्रियांची माहिती आली. कर्करोगानंतर नियमित अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या परिचारिकांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याहूनही कमी दिसले. साहजिकच आशा वाढली. पण जी बाई स्वतःहून वर्षानुवर्षे नेमाने गोळी घेते, ती बहुधा चालायलाही जाते, तपासणीही चुकवत नाही, आणि जिची प्रकृती खालावत असते तिची गोळी आपोआप सुटते. मग श्रेय गोळीचे की त्या बाईचे? हे ठरवायचे तर कोणाला गोळी मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरवावे लागते. एबीसीमध्ये ३,०२० जणांना तसे विभागून निम्म्यांना रोज ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी दिली. सुमारे पावणेतीन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर रोग परतणे, नवा कर्करोग किंवा मृत्यू अशा घटना अ‍ॅस्पिरिनच्या गटात १४१ आणि दुसऱ्या गटात ११२ आढळल्या. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी थांबवली गेली आणि २०२४ साली निकाल छापून आला.

१४१ आणि ११२ यांतला फरक डोळ्यांत भरतो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर मात्र तो योगायोगाने पडण्याइतकाच आहे. ‘अ‍ॅस्पिरिनने कर्करोग वाढतो’ असे त्यावरून म्हणता येत नाही. अ‍ॅस्पिरिनने तो परतणे टळत नाही, एवढेच म्हणता येते. शिवाय त्यांचा डोस तुमच्या चौपट होता. तुमची गोळी हृदयासाठी आहे आणि तिचे हृदयावरचे काम या निकालाने बदललेले नाही.

जाता जाता : भारतातील रुग्णही अशा प्रश्नाचे उत्तर शोधण्यात सहभागी आहेत. ब्रिटन, आयर्लंड आणि भारत यांनी मिळून चालवलेल्या ‘अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन’ या चाचणीत १०० आणि ३०० मिलिग्रॅम असे दोन डोस निष्क्रिय गोळीशी ताडून पाहण्याची योजना असून तिची भारतातील धुरा मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राकडे आहे.

प्रश्न : आईच्या स्तनात गाठ आहे. बायोप्सी सांगितली आहे. घरातील वडीलधारे म्हणतात, गाठीला सुई किंवा चाकू लागला की कर्करोग पसरतो. आता मोबाइलवर आले आहे की शस्त्रक्रियेच्या जखमेचा दाह मूलपेशींना जागे करतो. म्हणजे वडीलधारे बरोबर होते का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नव्हते; आणि या समजुतीपायी उशिरा आलेल्या इतक्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत की इथे जरा स्पष्ट लिहितो. बायोप्सीवाचून गाठीचा प्रकार कळत नाही, प्रकारावाचून उपचार ठरत नाहीत, आणि शस्त्रक्रियेवाचून हा रोग बरा होण्याची आशा फारच थोडी राहते. आईंची बायोप्सी याच आठवड्यात करून घ्या.

जखमेच्या दाहाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेतील रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली उंदरांत दाखवले की शरीरात दुसरीकडे केलेल्या जखमेनेही, आधीच पसरून दबून राहिलेल्या कर्कपेशींची वाढ सुरू होऊ शकते, आणि जखमेच्या आसपासच्या दिवसांत मेलॉक्सिकॅम हे दाहशामक दिले तर ती रोखली जाते. लक्षात घ्या, पेशी सुरीने पसरवल्या नव्हत्या. त्या आधीच पसरलेल्या होत्या. यावरून कोणी ‘मग शस्त्रक्रियाच नको’ म्हणत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणखी काय द्यावे, हा प्रश्न त्यातून निघतो. बेल्जियममध्ये २०३ स्त्रियांच्या चाचणीत भूल दिल्यावर, चिरा देण्याआधी केटोरोलॅक या दाहशामकाचे ३० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन देऊन पाहिले. रोग परतण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

याच्या उलट घडले ते आपल्याकडे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातील अकरा केंद्रांत गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन टोचले. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडी बधिर करतात, तेच स्वस्त औषध. १,५८३ स्त्रियांच्या या चाचणीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण लिडोकेन दिलेल्यांत ९०.१ टक्के आणि न दिलेल्यांत ८६.४ टक्के निघाले. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. लिडोकेन रूढ अर्थाने दाहशामक नाही, म्हणून ते या अंकाच्या विषयात काटेकोरपणे बसत नाही. तरी गाठीभोवती मुद्दाम सुई टोचून रुग्णांचे आयुष्य वाढल्याची ही चाचणी तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना जरूर वाचून दाखवा. आईंच्या सर्जनना या इंजेक्शनबद्दल विचारायलाही हरकत नाही.

प्रश्न : हळद हे उत्तम दाहशामक आहे आणि तिनेही मूलपेशी मरतात असे वाचले. मी टॅमॉक्सिफेन घेते. सोबत हळदीच्या, मिरे घातलेल्या कॅप्सूल घेतल्या तर चालतील का?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आमटीतली, भाजीतली, दुधातली हळद बिनधास्त घ्या. कॅप्सूल घेऊ नका.

हळदीतील कर्क्युमिन आणि मिऱ्यातील पायपरिन यांनी स्तनांतील मूलपेशींचे ते तरंगते गोळे कमी होतात, हे मिशिगनच्याच संशोधकांनी २०१० साली बशीत दाखवले होते. अडचण पुन्हा तीच. हळकुंडात कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के, आणि पोटात गेलेल्यातले रक्तात फारच थोडे पोहोचते. ते वाढवण्यासाठी कॅप्सूलवाले मिरे घालतात. मिऱ्याने शोषण वाढते, हे खरे आहे. पण ज्या विकरांना रोखून ते वाढते, तीच विकरे इतर औषधांचीही विल्हेवाट लावत असतात. टॅमॉक्सिफेनचे तर त्याहून नाजूक. ही गोळी यकृतात एंडॉक्सिफेनमध्ये बदलते आणि खरे काम ते एंडॉक्सिफेन करते. नेदरलँड्समध्ये २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या थोड्या रुग्णांना अशा कॅप्सूल देऊन रक्त तपासले, तेव्हा एंडॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी घटलेले आढळले. ज्या गोळीने रोग परतणे टळते हे हजारो स्त्रियांत सिद्ध झाले आहे, तिचे बळ एका आशेपायी कमी करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

हळदीचा जखमेवरचा गुण आपल्याला नवा नाही. त्यावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने १९९७ साली रद्द करवून घेतले, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. पण तो निकाल हळदीच्या मालकीबद्दल होता. कर्करोगावरच्या तिच्या गुणाबद्दल नव्हता.

प्रश्न : दाहशामके मूलपेशींवर उपयोगी नसतील, तर केमोच्या दिवशी डेक्सामेथासोन का देतात? तेही दाहशामकच ना?
– एक वाचक, पणजी

उत्तर : आहे, स्टेरॉइड गटातले आणि फार जोरकस आहे. पण ते कर्करोगावर देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया येऊ नये आणि मळमळ आटोक्यात राहावी, यासाठी ते थोड्या दिवसांपुरते असते. ‘दाहशामक’ या एका शब्दाखाली किती वेगळ्या वाटांची औषधे येतात, हे मात्र यावरून कळते : स्वित्झर्लंडमधील बासेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली उंदरांत दाखवले की स्टेरॉइड गटातील संप्रेरकांमुळे स्तनांच्या कर्करोगाचा प्रसार उलट वाढू शकतो. ते निष्कर्ष उंदरांतले आहेत. त्यांच्या भीतीने केमोच्या दिवशीची इंजेक्शने नाकारू नयेत. आपल्या मनाने स्टेरॉइड लांबवूही नये.

प्रश्न : पत्नीची केमोथेरपी चालू आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग ठणकते, कणकण वाटते, तेव्हा मी कॉम्बिफ्लाम देतो. मूलपेशींवरही तिचा थोडाफार उपयोग होत असेल, असे मनात होते. हे योग्य आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मूलपेशींचा विचार आता मनातून काढून टाका आणि या गोळीचाही. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल अशी दोन औषधे आहेत. केमोनंतर रक्तबिंबिका म्हणजे प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात आणि आयबुप्रोफेन उरलेल्यांचेही काम मंदावते. जठरातून किंवा हिरड्यांतून रक्त येऊ शकते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्या बहुधा दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी असतात. त्या काळात जंतू शिरले तर ताप हीच बहुतेक वेळा एकमेव खूण असते. पू धरायलाही पांढऱ्या पेशी लागतात आणि त्या तर नसतात. कॉम्बिफ्लाममधली दोन्ही औषधे ताप उतरवतात. गोळी दिली की घाम येतो, बरे वाटते, रात्र निघून जाते, आणि जंतूंना बारा तास मोकळे मिळतात. म्हणून कणकण वाटली की गोळीच्या आधी थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवा. तो १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर रात्र असो वा सुटीचा दिवस, उपचार चालू असलेल्या रुग्णालयात फोन करून लगेच निघा. केमोची फाइल आणि शेवटचा रक्ताचा अहवाल सोबत घ्या, आणि दाराशीच सांगा की पत्नीची केमो चालू आहे आणि ताप आहे.